इंग्रजी येतें, पण बोलवत नाहीं

आमच्या हातून घडलेल्या एका चुकीपासूनच या लेखाचा आरंभ करणें आम्हांस प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. मधल्या सुटींत नववीच्या वर्गांतील एक मुलगी आमच्यापाशीं आली. ती शहराच्या पूर्व भागांत राहणारी. घरीं तेलुगू बोलणारी. आई विड्या वळून संसारास हातभार लावणारी. एरव्हीं ती आमच्याशीं मराठींत बोले. परंतु आदल्याच दिवशीं आम्हीं वर्गांत 'इंग्रजी बोलल्यावांचून येत नाहीं' असा मोठा उपदेश केला होता, व तो तिनें मनावर घेतला असावा. अडखळत ती म्हणाली, "सर, माय मदर इज हॅविंग फीव्हर. आय गो होम?" आम्हीं तत्काळ उत्तर केलें, "इज हॅविंग नव्हे, हॅज म्हणावें. आणि मे आय गो होम असें विचारावें." मुलीनें मान खालीं घातली, मराठींत रजा मागितली व ती निघून गेली. ती गेल्यावर आमच्या ध्यानांत आलें कीं, तिच्या आईची प्रकृति कशी आहे हें आम्हीं विचारलेंच नाहीं. त्या वर्षीं ती पुन्हां आमच्याशीं इंग्रजींत एक अक्षरही बोलली नाहीं. लेखी परीक्षेंत मात्र 'हॅज' व 'इज हॅविंग' यांचा प्रश्न तिनें अचूक सोडविला.

तिला एक नियम आला व तिचें बोलणें गेलें. हा सौदा फार महाग पडला, असें आज आम्हांस वाटतें. आणि तो एकट्या आमच्याच वर्गांत होत असेल असेंही नाहीं. म्हणून या अंकाच्या निमित्तानें दोन शब्द लिहावेसे वाटले.

आपल्या राज्यांतील मराठी शाळांतून पूर्वीं इंग्रजीचा आरंभ पांचव्या इयत्तेपासून होत असे. सन २००० पासून तो पहिल्या इयत्तेपासून होऊं लागला. म्हणजे आज दहावीला बसणारा विद्यार्थी उणीपुरी दहा वर्षें ती भाषा शिकलेला असतो. तो पत्र लिहितो, उतारा वाचून उत्तरें देतो, कर्तरि प्रयोगाचा कर्मणि करितो. परंतु आगगाडींत शेजारीं बसलेल्या परप्रांतीय गृहस्थानें "गाडी सोलापुरास किती वाजतां पोंचेल?" एवढेंच इंग्रजींत विचारलें, तर तोच विद्यार्थी खिडकीबाहेर पाहूं लागतो. विचारल्यास म्हणतो, "येतें हो, पण बोलवत नाहीं." हें 'बोलवत नाहीं' काय आहे, याचा विचार केल्यावांचून उपाय सुचावयाचा नाहीं.

उत्तरासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. आपलें सोलापूर ही भाषांची मोठी पाठशाळाच आहे. येथें मराठी आहे. अक्कलकोटाकडून व विजापुराकडून आलेली कानडी आहे. हातमागाच्या व गिरण्यांच्या उद्योगामुळें तेलंगणांतून येथें येऊन स्थायिक झालेल्या पद्मशाली कुटुंबांची तेलुगू आहे. आणि आपल्या दक्षिणी ढंगाची उर्दूही आहे. मंगळवार बाजारांत घटकाभर उभें राहावें. भाजीवाली बाई एका गिऱ्हाइकाचा 'एष्टु' ऐकते, दुसऱ्याचा 'एंत' ऐकते, तिसऱ्याचा 'कितने का' ऐकते, आणि तिघांसही त्यांच्या त्यांच्या भाषेंत भाव सांगून चौथ्याशीं मराठींत घासाघीस करिते. तिनें कोणत्या भाषेचें व्याकरण घोकलें? जानेवारींत सिद्धेश्वराच्या यात्रेस गड्ड्यावर दुकान मांडणारा पोरगाही हेंच करितो. आमच्या वर्गांतील कित्येक मुलें घरीं एक, गल्लींत दुसरी व शाळेंत तिसरी भाषा बोलतात, आणि 'मला तीन भाषा येतात' हें त्यांच्या मनासही शिवत नाहीं!

या बाजारी शिक्षणाचीं कारणें शोधूं लागल्यास तीन दिसतात. पहिलें, तेथें बोलण्याचें काम असतें. बोलल्यावांचून माल विकत नाहीं. दुसरें, तेंच तेंच वाक्य दिवसांतून पन्नास वेळां तोंडांत येतें, त्यामुळें तें आठवावें लागत नाहीं. तिसरें व सर्वांत महत्त्वाचें हें कीं, तेथें चुकलेल्यास कोणी हंसत नाहीं. तेलुगू आजीशीं मोडकी तेलुगू बोलणाऱ्या मराठी पोरास ती आजी कौतुकानें दोन शब्द अधिक शिकविते. ती त्याची चूक सुधारते, पण त्याचें म्हणणें ऐकून घेतल्यावर. आम्हीं त्या मुलीच्या बाबतींत याच्या नेमकें उलट केलें.

आतां शाळेंतील इंग्रजीकडे पाहूं. आपल्याकडे ती मुख्यतः भाषांतराच्या मार्गानें आली. तर्खडकरांची भाषांतरपाठमाला पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रांतील विद्यार्थ्यांनीं गिरविली, आणि तिचे उपकार आम्ही विसरत नाहीं. इंग्रजी ग्रंथ नेमका समजून घेणारे वाचक व शुद्ध इंग्रजी लिहिणारे कारकून, वकील आणि शिक्षक तिच्यावरच घडले. परंतु भाषांतरास वेळ लागतो. 'आई बाजारांतून भाजी आणते' या मराठी वाक्यांत क्रियापद शेवटीं येतें. इंग्रजींत तें कर्त्याच्या पाठोपाठ येतें. जणूं 'आई आणते भाजी बाजारांतून'. आपला प्रश्न शेवटच्या 'का' नें होतो, इंग्रजी प्रश्नांत सहायक क्रियापद उठून आरंभीं जाऊन बसतें. आपलें 'ला', 'नें', 'त' नामाच्या मागून येतात, त्यांचीं शब्दयोगी अव्ययें पुढें चालतात. कागदावर ही उलथापालथ करण्यास पांच मिनिटें मिळतात. समोरचा मनुष्य उत्तराची वाट पाहत असतां पांच सेकंदही मिळत नाहींत. म्हणून आधीं मराठींत वाक्य जुळवावें, मग त्याचे शब्द बदलावे, मग क्रम बदलावा, आणि मग नियम तपासावा, एवढा खटाटोप करणाऱ्याच्या तोंडून शब्द फुटत नाहीं यांत नवल तें काय? त्या मुलीचें 'इज हॅविंग' देखील निष्काळजीपणाचें नव्हतें. 'ताप येत आहे' हें मराठी तिनें इमानानें इंग्रजींत नेलें होतें.

यावर कोणी म्हणतील, बोलण्याची एवढी गरजच काय? वाचतां आलें म्हणजे पुरें. हा आक्षेप नवा नाहीं. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत ढाका येथें शिक्षणखात्यांत असलेल्या मायकेल वेस्ट नांवाच्या इंग्रज शिक्षणतज्ज्ञानें असेंच प्रतिपादन केलें होतें कीं, बंगाली विद्यार्थ्यास इंग्रजी बोलण्याचे प्रसंग थोडे येतात, पण इंग्रजी पुस्तकांतील ज्ञान त्यास हवें असतें. तेव्हां प्रथम वाचन शिकवावें. त्या काळीं हें म्हणणें विचारी माणसाचें होतें. परंतु आज काळ पालटला आहे. सोलापुरांतील जुन्या मोठ्या गिरण्यांचे भोंगे थांबल्यास कित्येक वर्षें लोटलीं. आपलीं मुलें पदवी घेऊन पुण्यास, हैदराबादेस, बंगळुरास नोकरीसाठीं जातात, आणि तेथें पहिल्याच दिवशीं टेबलापलीकडून प्रश्न येतो तो तोंडी असतो. येथील टॉवेल व चादरी परदेशीं जातात. गिऱ्हाइकाशीं बोलणारा मात्र बहुधा मध्यस्थ असतो, आणि नफ्यांतला वांटा त्याचा असतो. ज्या घरीं इंग्रजी बोलणारे वडील आहेत तेथील मुलास ही विद्या जेवतांजेवतां मिळते. ज्याचे वडील यंत्रमागावर रात्रपाळी करितात त्यास ती शाळेंत न मिळाली तर कोठेंच मिळत नाहीं. म्हणून हा प्रश्न ऐटीचा नसून न्यायाचा आहे, असें आमचें मत आहे.

दुसरे कित्येक म्हणतात कीं, इंग्रजी चित्रपट पाहावे, भ्रमणध्वनीवर भाषणें ऐकावीं, म्हणजे बोलणें आपोआप येईल. ऐकण्याचें महत्त्व आम्हांस मान्य आहे. ऐकल्यावांचून कोणतीच भाषा येत नाहीं. परंतु नुसत्या ऐकण्यानें काम पुरें होत नाहीं, याविषयीं कॅनडा देशांतील अनुभव बोधप्रद आहे. तेथें १९६५ सालीं माँट्रियल शहराजवळ इंग्रजीभाषी बालकांस सर्व विषय फ्रेंचमधून शिकविण्याचा उपक्रम निघाला, व पुढें तो देशभर पसरला. या मुलांस वर्षानुवर्षें फ्रेंच ऐकूनही, समजण्यांत ती पुष्कळ पुढें गेलीं तरी बोलण्यांत व लिहिण्यांत मागें राहिलीं, असें मेरिल स्वेन या विदुषीनें १९८५ सालीं दाखवून दिलें. तिचें म्हणणें असें कीं, मनुष्य स्वतः वाक्य घडवूं लागतो तेव्हांच आपल्याला काय येत नाहीं हें त्यास कळतें. पोहणाऱ्यांस काठावरून पाहून पोहतां येत नाहीं, हें आपल्याकडील कंबर तलावाच्या कांठचें पोरही सांगेल.

तिसरा एक उपाय कांहीं ठिकाणीं योजिला जातो, व त्याविषयीं आम्हांस स्पष्ट बोलावयाचें आहे. शाळेच्या आवारांत मातृभाषेचा शब्द उच्चारल्यास दंड करावयाचा, ही ती रीति. ही रीति आम्हांस सर्वथैव अमान्य आहे. दंडाच्या भीतीनें मूल इंग्रजी बोलत नाहीं; तें बोलणेंच टाकतें. शिवाय आपल्या आईची भाषा हा अपराध आहे असें त्याच्या मनांत रुजतें, व हें नुकसान कोणत्याही नोकरीनें भरून येत नाहीं.

भाषा प्रेमानें व सहवासानें येते, याचीं उदाहरणें आपल्या जिल्ह्यांतच आहेत. माढा तालुक्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांस २०२० सालीं जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हें सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या शाळेंतील बहुतेक मुलींची घरची भाषा कानडी होती. तेव्हां मुलींस दंड न करितां ते स्वतः कानडी शिकले व पाठ त्यांच्या भाषेंत उतरवून त्यांनीं मुलींपुढें ठेविले. विद्यार्थ्याच्या भाषेचा मान राखणारा गुरु त्यास दुसरी भाषा सहज देऊं शकतो.

आणि डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांचें स्मरण तर सोलापूरकरांस नित्य असावयास पाहिजे. १० ऑक्टोबर १९१० रोजीं या शहरांत जन्मलेला हा तरुण १९३८ सालीं पांच भारतीय डॉक्टरांच्या पथकांतून युद्धग्रस्त चीन देशांत गेला. जातांना त्यास चिनी भाषेचा गंध नव्हता. चिनी लिपि, चिनी स्वर, एकाच अक्षराचा सूर पालटतांच अर्थ पालटणें, हें सारें आपल्या भाषांहून किती निराळें! परंतु जखमी सैनिकांच्या खाटेपाशीं उभें राहून त्यांचें दुखणें समजून घेणें भाग होतें. थोड्याच वर्षांत ते त्या भाषेंत बोलूं लागले, इतकेंच नव्हे तर चिनी विद्यार्थ्यांस त्यांच्याच भाषेंत शस्त्रवैद्यक शिकवूं लागले. ९ डिसेंबर १९४२ रोजीं वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं ते तेथेंच निवर्तले. पहिल्या महिन्यांत त्यांच्या चिनी वाक्यांत चुका झाल्या नसतील काय? परंतु 'माझें चिनी व्याकरण शुद्ध झाल्यावर रुग्णाशीं बोलेन' असें म्हणून ते थांबले असते, तर रुग्ण थांबला नसता.

उलट दिशेचेंही एक उदाहरण सांगतों. १५७९ सालीं गोव्यांत आलेले थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मोपदेशक साष्टी प्रांतांत लोकांमध्यें राहिले, त्यांची बोली शिकले, आणि १६१६ सालीं छापलेलें त्यांचें क्रिस्तपुराण मराठी वाङ्मयांत मानाचें स्थान पावलें. इंग्रजास मराठी येऊं शकली, तर मराठी माणसास इंग्रजी कां येऊं नये? आनंदीबाई जोशी यांनीं फेब्रुवारी १८८३ मध्यें बंगालांतील श्रीरामपूर येथें आपल्या अमेरिकागमनाविषयीं जाहीर इंग्रजी व्याख्यान दिलें, तेव्हां त्यांस अठरावें वर्षही पुरें झालें नव्हतें. आमच्या वर्गांतील मुलींनीं आपलें वय यांशीं ताडून पाहावें.

तर मग करावें काय? 'तीस दिवसांत अस्खलित इंग्रजी' देणाऱ्या जाहिराती आपल्या रस्त्यांवर पुष्कळ दिसतात. आमच्यापाशीं तसा मंत्र नाहीं. जें आहे तें बाजारांतल्या भाजीवालीनेंच आम्हांस शिकविलेलें आहे, तें असें.

प्रथम एक सोबती धरावा, आणि रोज एकच वेळ ठरवून दहा मिनिटें केवळ इंग्रजींत बोलावें. शाळेकडे येतांना वाटेवरची वेळ उत्तम. आठवड्यांतून एक दिवस दोन तास बोलण्यापेक्षां रोजचीं दहा मिनिटें अधिक फळ देतात. विषय मोठा घेऊं नये. वाटेंत काय दिसलें, डब्यांत काय आहे, भाकरी कडक कीं मऊ, शेंगाचटणी कोणीं केली, काल सामन्यांत कोण जिंकलें, एवढेंच बोलावें. पर्यावरणाच्या ऱ्हासावर भाषण करण्याची घाई नको. ज्यास 'माझी चप्पल तुटली' हें सांगतां येत नाहीं त्यानें तेथवर जाऊं नये.

दुसरें, एकच हकीकत तीनदां सांगावी. प्रथम एका मित्रास चार मिनिटांत, मग दुसऱ्यास तीन मिनिटांत, मग तिसऱ्यास दोन मिनिटांत. पहिल्या वेळीं शब्द शोधावे लागतात. तिसऱ्या वेळीं ते आपण होऊन पुढें येतात. भाजीवालीचीं पन्नास वाक्यें तीं हींच.

तिसरें, मोठ्यानें वाचावें व चांगल्या वक्त्याच्या पाठोपाठ त्याच्याच चालीनें बोलावें. मराठींत आपण सर्व अक्षरें जवळजवळ सारख्या वजनानें उच्चारतों. इंग्रजींत एका शब्दांतील एकाच अक्षरावर भार पडतो, व तो जागा बदलतो. 'फोटोग्राफ' यांत तो पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफर' यांत दुसऱ्यावर, आणि 'फोटोग्राफिक' यांत तिसऱ्यावर असतो. हा भार चुकला म्हणजे शब्द बरोबर असूनही ऐकणारा गोंधळतो. याउलट आपला उच्चार सोलापुरी वाटला तर त्यांत लाजण्याचें कांहीं नाहीं. समजलें म्हणजे झालें. भ्रमणध्वनीवर आपलेंच बोलणें मुद्रित करून पंधरवड्यानें ऐकावें. आपली प्रगति दुसऱ्यानें सांगण्यापेक्षां आपल्या कानांस पटलेली बरी.

चौथें, अडल्यावर वाट काढण्याचीं चार वाक्यें जिभेवर तयार असावीं: पुन्हां सांगाल का, सावकाश बोलाल का, याला काय म्हणतात, मला असें म्हणावयाचें आहे. 'खलबत्ता' या शब्दास इंग्रजी शब्द आठवला नाहीं तर 'ज्यांत आपण मसाला कुटतों तें' असें म्हणून पुढें जावें. अडून बसूं नये.

पांचवें, आणि हें बोलणाऱ्यापेक्षां ऐकणाऱ्यासाठीं आहे. कोणी इंग्रजी बोलत असतां मध्येंच सुधारूं नये. त्याचें म्हणणें पुरें होऊं द्यावें, प्रथम त्या म्हणण्याचें उत्तर द्यावें, आणि मग हवी तर एकच चूक, तीही एकांतांत, सांगावी. हंसणें तर मुळींच नको. वर्गांतील एका हंसण्यानें दहा जणांचीं तोंडें बंद होतात, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. व्याकरण नको असें आमचें म्हणणें नाहीं. त्याचा तास निराळा आहे, वही निराळी आहे, व तेथें आम्ही पूर्वींइतकेच कडक राहूं. परंतु बोलण्याच्या वेळीं व्याकरणानें मागें उभें राहावें.

हा नियम आम्हीं प्रथम स्वतःस लागू केला आहे. या वर्षापासून आमच्या वर्गांत रोज तासाचीं पहिलीं दहा मिनिटें मुलें आपसांत बोलतात व आम्ही फिरून नुसतें ऐकतों. हातांत लाल पेन नसतें. आरंभीं आठ दिवस कुजबूज व खिदळणें यांपलीकडे कांहीं ऐकूं आलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. आतां वाक्यें ऐकूं येतात. त्यांतलीं पुष्कळशीं चुकीचीं असतात, पण तीं एकमेकांस उद्देशून असतात, आणि उत्तरें मिळतात.

ती मुलगी शाळा सोडून गेल्यास आतां बरीच वर्षें झालीं. तिच्या आईचा ताप केव्हां उतरला, तेंही आम्हांस कधीं कळलें नाहीं. परंतु उद्यां मधल्या सुटींत जो कोणी आमच्यापाशीं येऊन मोडक्या इंग्रजींत कांहीं सांगेल, त्यास आम्ही प्रथम "हाऊ इज शी नाऊ?" एवढेंच विचारूं. विद्यार्थिमित्रहो, आपण निःशंक यावें.